ग्रिमलॉकची वाणी : एका रूपांतरक्षम यंत्रयोद्ध्याच्या चित्रणाची चिकित्सा

१

एकच पात्र निरनिराळ्या माध्यमांतून वावरू लागले म्हणजे त्याची ओळख कोणत्या खुणेवरून पटवावयाची, हा प्रश्न साहित्यविचाराला नवा नाही. रामायण-महाभारतातील पात्रे आख्यानातून नाटकात, नाटकातून कीर्तनात आणि कीर्तनातून लोककथेत उतरली, तेव्हा प्रत्येक ठिकाणी त्यांच्या स्वभावाचा एखादा पैलू उजळला, तर एखादा झाकला गेला. तेथे तुलनेसाठी मूळ ग्रंथ तरी हाताशी असतो. ज्या पात्राला मूळ ग्रंथच नाही, जे एकाच काळी दोन माध्यमांत स्वतंत्रपणे जन्मास आले, त्याच्या बाबतीत मात्र 'मूळ' आणि 'विकृत' या शब्दांना अर्थ उरत नाही. तेथे दोन्ही चित्रणे समोरासमोर ठेवून, त्यांतील प्रत्येकाने त्या पात्राविषयी काय जाणले आणि काय जाणले नाही, एवढेच पाहणे टीकाकाराच्या हाती असते.

'ट्रान्सफॉर्मर्स' या अमेरिकन कथाचक्रातील ग्रिमलॉक हे अशा पात्राचे एक ठळक उदाहरण होय. या कथाचक्राचा उगम व्यापारी आहे. जपानमधील टाकारा या कंपनीच्या 'डायक्लोन' व 'मायक्रोमॅन' या मालिकांतील, रूप बदलणाऱ्या यंत्रमानवांची खेळणी अमेरिकेतील हॅस्ब्रो कंपनीने आपल्या नावाने बाजारात आणली आणि त्यांना कथा, नावे व स्वभाव पुरविण्याचे काम मार्व्हल या चित्रकथा प्रसिद्ध करणाऱ्या संस्थेकडे सोपविले. बहुतेक नावे व स्वभावटिपणे बॉब बुडियान्स्की या लेखकाने सिद्ध केली. १९८४ साली दूरचित्रवाणीवरील कार्टून मालिका आणि मार्व्हलची चित्रकथा ही दोन्ही जवळजवळ एकाच वेळी सुरू झाली. दोहोंचे कथाबीज एकच होते : सायबरट्रॉन नावाच्या ग्रहावरील यंत्रजीवांचे ऑटोबॉट व डिसेप्टिकॉन हे दोन पक्ष, त्यांचे दीर्घ युद्ध आणि त्या युद्धाचे पृथ्वीवर झालेले स्थलांतर. मात्र एवढ्या सामाईक भांडवलावर दोन्ही माध्यमांनी आपापला संसार वेगळा थाटला.

ग्रिमलॉक हा ऑटोबॉट पक्षातील 'डायनोबॉट' या पाच जणांच्या तुकडीचा नायक. तो टायरॅनोसॉरस या महाकाय प्राण्याचे रूप धारण करतो. पक्षाशी निष्ठा, वरिष्ठांच्या अधिकाराविषयी अनादर आणि दुर्बळांविषयी तुच्छता ही त्याची मूळ लक्षणे. यांखेरीज त्याला सर्वत्र प्रसिद्धी मिळाली ती त्याच्या बोलण्याच्या तऱ्हेमुळे. त्याची वाक्ये तुटक असतात, क्रियापदे अपुरी असतात, आणि तो स्वतःचा उल्लेख वारंवार स्वतःच्या नावाने करतो.

या पात्राविषयी रसिकांत एक मत रूढ आहे. कार्टूनमधील ग्रिमलॉक मठ्ठ, चित्रकथेतील ग्रिमलॉक मात्र योद्धा व राजा. म्हणून पहिले चित्रण बालिश, दुसरे प्रौढ, असे ते मत होय. या मतात तथ्याचा अंश आहे; परंतु त्याने प्रश्न सुटत नाही. भाषा तोकडी असली की बुद्धीही तोकडी ठरते काय, आणि बुद्धी तोकडी ठरली की अधिकारही नाहीसा होतो काय, हे दोन प्रश्न या पात्राच्या पोटात दडलेले आहेत. त्यांची उत्तरे दोन्ही माध्यमांनी कशी दिली, हे पाहिल्यावाचून श्रेष्ठ-कनिष्ठतेचा निवाडा करणे उतावळेपणाचे होईल.

२

कार्टूनमधील ग्रिमलॉकचा जन्म पृथ्वीवर होतो. १९८४ च्या ऑक्टोबरमध्ये दाखविल्या गेलेल्या 'एस. ओ. एस. डायनोबॉट्स' या भागात ऑटोबॉटांना डायनोसॉरचे अवशेष सापडतात. त्यांवरून स्फूर्ती घेऊन व्हीलजॅक व रॅचेट हे दोघे तंत्रज्ञ ग्रिमलॉक, स्लॅग व स्लज हे तीन यंत्रप्राणी बनवितात. निर्माण होताच हे प्राणी आवरेनासे होतात आणि आपल्याच निर्मात्यांच्या घराची मोडतोड करतात. नेता ऑप्टिमस प्राइम त्यांना धोकादायक ठरवून गुहेत बंद करावयास लावतो. पुढे पक्षावर संकट कोसळते तेव्हा हेच तिघे मोकळे केले जातात आणि तेच सर्वांना सोडवितात.

या कथेची जातकुळी ओळखीची आहे. निर्मात्याने आपल्या सामर्थ्याच्या भरात एक जीव घडवावा, त्याला जगात वावरण्याचे शिक्षण देऊ नये आणि तो जगाला टोचू लागताच त्याला नाकारावे, हे मेरी शेली यांच्या १८१८ सालच्या 'फ्रँकेन्स्टाइन' या कादंबरीचे सूत्र होय. त्या कादंबरीतील निर्मित जीव मोठा वाक्पटू आहे. चोरून ऐकत ऐकत तो भाषा शिकतो आणि आपल्या दुःखाचा युक्तिवाद निर्मात्यापुढे समर्थपणे मांडतो. १९३१ सालच्या चित्रपटात मात्र त्याची वाचाच काढून घेतली गेली, आणि १९३५ सालच्या उत्तरभागात त्याला परत मिळाले ते चार तुटके शब्द. छापील माध्यमात बोलका असलेला जीव पडद्यावर येताच अबोल अथवा बोबडा होतो, ही घटना ग्रिमलॉकच्या आधी अर्धशतक घडून गेली होती. तिचे कारण लेखकांच्या लहरीत शोधण्यापेक्षा माध्यमाच्या गरजेत शोधणे अधिक सयुक्तिक ठरेल. अर्ध्या तासाच्या चौकटीत डझनावारी पात्रे वावरत असता प्रत्येकाची ओळख कानाला तत्काळ पटावी लागते. ग्रेग बर्गर या नटाने ग्रिमलॉकला दिलेला खर्जातील, घोगरा आवाज आणि लेखकांनी दिलेली मोडकी वाक्यरचना ही या गरजेची फळे होत.

या वाक्यरचनेकडे भाषेच्या अभ्यासकाने थोडे थांबून पाहावे, अशी तिची योग्यता आहे. इंग्रजीत ग्रिमलॉक कर्त्याच्या जागी प्रथमपुरुषी सर्वनामाचे कर्मरूप वापरतो आणि त्याला लागूनच आपले नाव उच्चारतो. मराठीत 'मी'ऐवजी 'मला' घालून ही गंमत साधत नाही. आपल्याकडील लहान मूल तशी चूक करीत नाही. परंतु दुसरा विशेष, म्हणजे स्वतःला नावाने संबोधणे, मराठी कानालाही परिचित आहे. दोन-अडीच वर्षांचे मूल स्वतःविषयी नावानेच बोलते, कारण 'मी' हा शब्द बोलणाऱ्यागणिक फिरतो याचा उलगडा त्याला अद्याप झालेला नसतो. पण स्वतःचा उल्लेख नावाने करणारा आणखी एक वर्ग आहे, तो म्हणजे राजे. शिलालेखात व आज्ञापत्रात राजा नावानेच बोलतो, कारण त्याला आपले नाव म्हणजेच आज्ञा वाटते. बालक आणि सम्राट या दोघांची व्याकरणविषयक लकब एकच असावी, ही मौजेची गोष्ट खरी. आणि ग्रिमलॉकचे सारे वैचित्र्य या एका लकबीत साठविलेले आहे. कार्टूनने तिच्यातील बालक ऐकले. चित्रकथेने सम्राट ऐकला.

कार्टूनने फक्त बालकच ऐकले, असे मात्र म्हणता येणार नाही. त्याच वर्षीच्या 'वॉर ऑफ द डायनोबॉट्स' या भागात मेगाट्रॉन हा शत्रुपक्षाचा नायक ग्रिमलॉकच्या कानी भरतो की, नेतृत्वाचा खरा अधिकारी तूच. ग्रिमलॉक ऑप्टिमस प्राइमविरुद्ध उठतो. शेवटी त्याला आपली चूक उमगते आणि तो परत येतो. १९८५ साली 'डिझर्शन ऑफ द डायनोबॉट्स' या दोन भागांच्या कथेत संपूर्ण तुकडी पक्ष सोडून निघून जाते. भोळा जीव फसतो आणि मग पस्तावतो, असा या कथांचा उघड अर्थ आहे. परंतु फसवणूक फळते ती तक्रार खरी असते म्हणूनच. ज्यांना गरजेपुरते बाहेर काढले जाते व गरज सरताच दूर ठेवले जाते, त्यांच्या मनात हे बीज मेगाट्रॉनने पेरलेले नसते. तो त्याला फक्त पाणी घालतो. कार्टूनचे लेखक ही तक्रार निवारण्याच्या खटपटीत पडत नाहीत. क्षमायाचना नेहमी ग्रिमलॉकच्या बाजूने व्हावी लागते. येथेच त्या चित्रणाची मर्यादा दिसते. तक्रार करणाऱ्याची वाक्ये अशुद्ध असल्याने तिच्याकडे दुर्लक्ष करण्याची सोय ऑटोबॉटांना मिळते, आणि प्रेक्षकांनाही.

३

८ ऑगस्ट १९८६ रोजी अमेरिकेत प्रदर्शित झालेल्या 'द ट्रान्सफॉर्मर्स : द मूव्ही' या चित्रपटात ग्रिमलॉकचे बालरूप अधिकच गडद झाले आहे. कप नावाच्या वृद्ध सैनिकाच्या युद्धकथा ऐकण्यासाठी तो नातवाने आजोबांच्या मागे लागावे तसा हट्ट धरतो. तथापि याच चित्रपटात एक प्रसंग असा आहे की, ज्याकडे टीकाकारांचे पुरेसे लक्ष गेलेले नाही. क्विंटेसन नावाच्या अन्यायी न्यायाधीशांच्या दरबारात ऑटोबॉट सापडलेले असतात. निरपराध असो वा अपराधी, शिक्षा एकच, असा तेथील कायदा. शिक्षा अमलात आणण्याचे काम शार्कटिकॉन नामक हिंस्र यंत्रांच्या झुंडीकडे असते. ग्रिमलॉक भिंत फोडून आत येतो, झुंडीला चोप देतो आणि मग त्या झुंडीलाच तिच्या धन्यांवर सोडतो. आजवर हुकूम पाळीत आलेले सेवक क्षणात उलटतात.

हा प्रसंग विनोदी अंगाने रंगविलेला असला, तरी त्यातील राजकीय समज पोरकट नाही. इतर शहाण्या ऑटोबॉटांना लढाई दिसते; ग्रिमलॉकला सत्तेची रचना दिसते. दरबाराचे सारे बळ सेवकांच्या भीतीवर उभे आहे आणि ती भीती दुसरीकडे वळविली की दरबार कोसळतो, हे त्याला कोणी शिकवावे लागत नाही. तो स्वतः निर्मित सेवक म्हणून जगात आला होता, हे येथे स्मरणीय होय.

त्याच वर्षीच्या 'ग्रिमलॉक्स न्यू ब्रेन' या भागात कार्टूनने आपल्या कल्पनेची परीक्षा आपणच घेतली. एका अपघाताने ग्रिमलॉकला असामान्य बुद्धी प्राप्त होते. त्याची भाषा एकाएकी प्रौढ व सफाईदार बनते. या बुद्धीच्या बळावर तो टेक्नोबॉट नावाचे पाच नवे योद्धे घडवितो. पाच जण एकत्र येऊन कॉम्प्युट्रॉन नावाचा महायोद्धा होतो. परंतु शत्रूला पुरे पडण्याइतकी बुद्धी त्याच्यापाशी नसते. तेव्हा ग्रिमलॉक आपली नवी बुद्धी त्याला देऊन टाकतो आणि पूर्ववत तुटक बोलू लागतो.

बुद्धी ही एका भांड्यातून दुसऱ्या भांड्यात ओतता येणारी वस्तू मानणे, आणि भाषा ही त्या भांड्यावरील मोजपट्टी मानणे, हा या कथेतील दोष उघड आहे. परंतु तिच्यात एक मर्मही आहे. ग्रिमलॉक निर्माता होतो, आणि निर्माता म्हणून तो आपल्या निर्मात्यांपेक्षा अधिक चांगला वागतो. व्हीलजॅक व रॅचेट यांनी त्याला शरीर दिले. तो आपल्या निर्मितीला स्वतःजवळचे सर्वांत मोलाचे देतो आणि त्यासाठी आपण मागे हटतो. ज्याला आपल्या हानीचे मोल पुरते कळते, त्यानेच स्वखुशीने केलेला हा त्याग असल्याने तो खरा त्याग ठरतो. कार्टूनमधील ग्रिमलॉकला निव्वळ विदूषक म्हणणाऱ्यांनी या एका भागाचा जबाब दिला पाहिजे.

४

चित्रकथेतील ग्रिमलॉकची वंशावळ निराळी आहे. तेथे तो पृथ्वीवर घडविलेला नाही. मार्च १९८५ च्या चौथ्या अंकात जिम सॅलिक्रप यांनी सांगितलेल्या कथेनुसार, चाळीस लक्ष वर्षांपूर्वी ऑटोबॉटांचे जहाज पृथ्वीवर कोसळल्यावर शॉकवेव्ह हा शत्रू त्यांच्या मागावर येतो. तेव्हा जहाजाचे यंत्र पाच ऑटोबॉटांना त्या प्रदेशातील प्राण्यांची रूपे देऊन त्याच्यावर धाडते. डायनोसॉर त्यापूर्वी कितीतरी आधी नष्ट झाले होते, ही अडचण लेखकाने मार्व्हलच्या कथाविश्वातील अंटार्क्टिकावरच्या 'सॅव्हेज लँड' या काल्पनिक प्रदेशाचा आधार घेऊन दूर केली. लढाईत शॉकवेव्ह व डायनोबॉट दोघेही निकामी होऊन गाडले जातात. सप्टेंबर १९८५ च्या आठव्या अंकात रॅचेट त्यांना डांबराच्या खाणीतून बाहेर काढून पुन्हा सचेतन करतो.

या बदलाचे परिणाम दूरगामी आहेत. कार्टूनमधील ग्रिमलॉक वयाने सर्वांत लहान, तर चित्रकथेतील ग्रिमलॉक इतरांच्या बरोबरीचा जुना सैनिक. पहिल्याचे प्राणिरूप हा त्याचा स्वभाव; दुसऱ्याचे प्राणिरूप ही त्याने कामगिरीसाठी स्वीकारलेली वर्दी. म्हणून चित्रकथेत त्याच्या तुटक वाक्यांना मंदपणाचा पुरावा मानण्यास आधार राहत नाही. त्याच्या बोलण्याची रीत लेखकागणिक पालटते, कधी ती मोडकी असते, कधी जवळजवळ नीट. परंतु त्याचे हेतू सदैव स्पष्ट असतात. वाणी आणि बुद्धी यांची ताटातूट करून चित्रकथेने पहिल्या प्रश्नाचे उत्तर देऊन टाकले. दुसरा प्रश्न, म्हणजे अधिकाराचा, मात्र त्यामुळे अधिकच बिकट झाला. मठ्ठ माणसाच्या हाती सत्ता द्यावी की नाही, याचे उत्तर सोपे असते. समर्थ, शूर, धूर्त, परंतु दुर्बळांविषयी तिरस्कार बाळगणाऱ्याच्या हाती ती द्यावी काय, याचे उत्तर तितके सोपे नाही.

बुडियान्स्की यांनी हा प्रश्न १९८७ साली पुढे आणला, आणि तो आणण्याची त्यांची रीत लक्ष देण्याजोगी आहे. जानेवारी १९८७ च्या चोविसाव्या अंकात ऑप्टिमस प्राइमचा मृत्यू होतो. संगणकावरील एका खेळात तो व मेगाट्रॉन लढतात. हरणाऱ्याने नष्ट व्हावयाचे, अशी अट असते. प्राइम जिंकतो, परंतु जिंकताना त्या खेळातील निरपराध काल्पनिक रहिवाशांचा बळी गेला, म्हणून तो स्वतःला हरलेला मानतो आणि आपला नाश करून घेतो. या विवेकाला कोणी अतिरेक म्हणेल. पण त्याची दिशा निःसंदिग्ध आहे. दुर्बळ, मग ते केवळ पडद्यावरचे का असेनात, प्राइमला मोजावेसे वाटतात. त्याच्या जागी सत्ताविसाव्या अंकात येतो तो ग्रिमलॉक, ज्याच्या हिशेबात दुर्बळांना स्थान नाही. ट्रिप्टिकॉन या राक्षसी शत्रूशी झुंज देऊन तो आपली योग्यता सिद्ध करतो आणि ऑटोबॉट त्याला नेता म्हणून स्वीकारतात. उत्तराधिकाराचा हा क्रम योगायोगाचा नव्हे. येथे दोन नीतिकल्पना एकीसमोर एक उभ्या केल्या आहेत.

पुढील वर्षभराच्या अंकांत ग्रिमलॉक मस्तकी मुकुट धारण करून राज्य करतो. ब्लास्टर व गोल्डबग हे दोघे त्याच्या हुकमतीला विटून निघून गेले, म्हणून तो शत्रूशी लढणे सोडून त्यांच्या पाठलागात पक्षाची शक्ती खर्च करतो. छत्तिसाव्या अंकात ब्लास्टरने आश्रय दिलेल्या मानवी मुलांचे प्राण टांगणीला लावून तो ब्लास्टरला शरण यावयास भाग पाडतो. जून १९८८ च्या एकेचाळिसाव्या अंकात चंद्रावर दोघांचे द्वंद्व होते आणि शत्रूच्या हल्ल्यामुळे ते अर्धवट राहते. पुढील अंकात प्राइमचे पुनरागमन होऊन हा अध्याय संपतो.

५

येथे संस्कृत नाट्यपरंपरेचे स्मरण होणे स्वाभाविक आहे. कोणत्या पात्राने कोणती भाषा बोलावी, याचे नियम भरताच्या नाट्यशास्त्रात घालून दिलेले आहेत. राजाने व ब्राह्मणाने संस्कृत बोलावे, स्त्रियांनी व सेवकांनी प्राकृत, ही त्यांची सामान्य दिशा. भाषेवरून दर्जा ओळखण्याची ही पद्धत ज्या नाटककारांनी पाळली, त्यांतील श्रेष्ठांनी तिच्यातील विसंगतीही दाखविली. विदूषक जातीने ब्राह्मण असून प्राकृत बोलतो, आणि राजाला जे कोणी सांगू धजत नाही ते हसत हसत सांगून जातो. उलट शूद्रकाच्या 'मृच्छकटिका'तील शकार हा राजाचा मेहुणा. त्याची भाषा विकृत, त्याचे पुराणकथांचे दाखले उलटेसुलटे, प्रेक्षक त्याला हसतात. आणि तोच वसंतसेनेचा गळा आवळतो. भाषेची मोडतोड एकाच्या ठायी निर्भयतेची खूण आहे, दुसऱ्याच्या ठायी बेलगाम सत्तेची.

कार्टूनमधील ग्रिमलॉक विदूषकाच्या जवळचा आहे आणि १९८७-८८ सालचा चित्रकथेतील ग्रिमलॉक शकाराच्या जवळचा, असे म्हणण्यास हरकत नाही. दोघांचे बोलणे सारखेच हास्यकारक. परंतु मुकुट चढताच हास्याचा रंग पालटतो. पोराचा हट्ट आणि राजाचा हट्ट यांत वाक्यरचनेचा फरक नसतो, परिणामाचा असतो. हे दाखविणे हे बुडियान्स्की यांच्या लेखनाचे सर्वांत मोठे यश होय.

तथापि त्यांच्या चित्रणातही एक उणीव राहून जाते. शूर सैनिकाचा जुलमी राजा होण्याच्या पायऱ्या ते दाखवीत नाहीत. मुकुट हे सत्तेचे चिन्ह न राहता जणू सत्तांतराचे कारणच बनते. मधली मनःस्थिती, शंका, एकाकीपणा, सहकाऱ्यांविषयीचा संशय, यांचा मागमूस अंकांत क्वचितच लागतो. त्यामुळे हा ग्रिमलॉक भयप्रद होतो. पण पुरता समजत नाही. कार्टूनमध्ये त्याची तक्रार ऐकली गेली नव्हती. चित्रकथेत त्याचा अपराध दाखविला गेला, पण त्याचे अंतरंग येथेही बंदच राहिले.

६

ते अंतरंग उघडण्याचे श्रेय प्रामुख्याने सायमन फर्मन या ब्रिटिश लेखकाकडे जाते. १९८४ च्या सप्टेंबरपासून ब्रिटनमध्ये मार्व्हलची स्वतंत्र आवृत्ती निघू लागली. ती पुढे साप्ताहिक झाली, आणि अमेरिकन कथा अपुऱ्या पडू लागल्यामुळे तीत नव्या कथांची भर घालणे भाग पडले. या साप्ताहिकात एक गमतीची प्रथा होती. वाचकांच्या पत्रांना संपादकाच्या नावाने उत्तरे न देता कथेतील एखाद्या पात्राच्या नावाने ती दिली जात. आणि काही काळ हे काम 'ग्रिम ग्रॅम्स' या सदरातून ग्रिमलॉककडे होते. क्षुल्लक वाटणारी ही बाब महत्त्वाची आहे. ज्याला वाक्य धड जुळविता येत नाही असे कार्टून सांगत होते, तोच येथे मुलांच्या पत्रांना आठवड्याच्या आठवड्याला उत्तरे देत होता. वाचक त्याला लिहीत होते आणि तो त्यांना ऐकत होता. पात्र आणि वाचक यांच्यातील हा व्यवहार कोणत्याही कथेपेक्षा अधिक परिणामकारकपणे ग्रिमलॉकचे माणूसपण सिद्ध करून गेला असावा.

१९८९ साली छपन्नाव्या अंकापासून फर्मन यांनी अमेरिकन मालिकेचेही लेखन हाती घेतले. त्यांच्या कथेत ग्रिमलॉक आपल्या मृतवत पडलेल्या डायनोबॉट साथीदारांना जागे करण्यासाठी न्यूक्लिऑन नावाच्या अद्भुत द्रव्याचा शोध घेतो. द्रव्य सापडते, त्याने बळ वाढते आणि निकामी योद्धे उठून उभे राहतात; पण त्याची किंमत मोजावी लागते, आणि ती म्हणजे रूपांतराची शक्ती. प्रभाव प्रथम ग्रिमलॉकवरच होतो. त्याचे प्राणिरूप त्याला कायमचे अंतरते.

या कथेमागील व्यापारी कारण लपलेले नाही. १९९० साली हॅस्ब्रोने 'ॲक्शन मास्टर्स' या नावाने रूप न बदलणाऱ्या मूर्ती विकावयास काढल्या होत्या, आणि त्यांना कथेत जागा करून देणे लेखकाला प्राप्त होते. लादलेल्या अटीतून अर्थ काढणे ही लेखकाच्या कसोटीची गोष्ट असते, आणि फर्मन या कसोटीला उतरले. ज्याची सारी ओळख रूपांतरात आहे, त्याच्याकडून रूपांतरच काढून घेतले तर मागे काय उरते? ग्रिमलॉकच्या बाबतीत उरते ती साथीदारांविषयीची निष्ठा. दुर्बळांना तुच्छ मानणारा हा योद्धा, ज्यांच्यापाशी प्राणशक्तीही उरलेली नाही अशा अत्यंत दुर्बळांसाठी आपले अर्धे अस्तित्व गमावून बसतो. त्याच्या मूळ टिपणातील निष्ठा आणि तुच्छता ही दोन लक्षणे येथे प्रथमच परस्परांशी झगडतात, आणि निष्ठा जिंकते.

कार्टूनमधील बुद्धीचा त्याग आणि चित्रकथेतील रूपाचा त्याग यांच्यातील साम्य येथे ध्यानी घेण्याजोगे आहे. स्वतंत्र वाटांनी चाललेली दोन्ही माध्यमे एकाच ठिकाणी पोहोचली. ग्रिमलॉकचे मोठेपण त्याच्या बळात नसून बळ सोडून देण्याच्या क्षणात आहे, असे दोन्हींनी सांगितले.

फर्मन यांनी त्याला साधू मात्र बनविले नाही. १९९१ च्या फेब्रुवारीतील पंचाहत्तराव्या अंकात युनिक्रॉनशी लढताना प्राइम पुन्हा मरण पावतो आणि नेतृत्व दुसऱ्यांदा ग्रिमलॉककडे येते. यावेळी मुकुट नाही, मुलांचा छळ नाही. तरीही अखेरच्या अंकांत क्लो नावाच्या ग्रहावर डिसेप्टिकॉनांचा पाठलाग करताना तो आपल्या पक्षाला सापळ्यात नेतो. हृदय पालटले, तरी दूरदृष्टी आपोआप येत नाही. जुलै १९९१ च्या ऐंशीव्या अंकात, प्राइमच्या पुनरागमनानंतर, ही मालिका संपली.

७

त्यानंतरच्या तीन-साडेतीन दशकांत ग्रिमलॉकचे अनेक अवतार झाले. सर्वांचा परामर्श घेण्याचे येथे प्रयोजन नाही. वाणीच्या प्रश्नाशी निगडित तेवढेच पाहणे पुरे. आयडीडब्ल्यू या संस्थेच्या चित्रकथेत जेम्स रॉबर्ट्स यांनी २०१२ साली त्याला मेंदूस इजा झालेला, जवळजवळ वाचा गमावलेला असा दाखविला, आणि त्याचा सांभाळ शत्रुपक्षातील काही टाकाऊ, खालच्या दर्जाच्या सैनिकांकडे आला. आजवर विनोदाचा विषय असलेली तुटकी वाणी येथे दुखापत बनते, आणि हसणारा वाचक ओशाळतो. २०१४ सालच्या 'एज ऑफ एक्स्टिंक्शन' या चित्रपटात तो एक शब्दही बोलत नाही. प्राइम त्याला लढून वश करतो आणि त्याच्यावर आरूढ होतो. वाचा गेली की पात्राचे वाहन होते, याचा याहून स्पष्ट पुरावा नको. २०१५ सालच्या 'रोबॉट्स इन डिसगाइज' या मालिकेत त्याला नीट वाक्ये मिळाली, पण तो पुन्हा मोठ्या शरीरातील भाबडा पोर झाला. २०१८ साली सुरू झालेल्या 'सायबरव्हर्स' या मालिकेने मात्र जुना पेच नव्या रीतीने मांडला. तेथे यंत्रमानवाच्या रूपात ग्रिमलॉक सुसंस्कृत व वाक्पटू असतो आणि प्राण्याचे रूप घेताच तुटक बोलू लागतो. कार्टून व चित्रकथा यांचे दोन ग्रिमलॉक एकाच देहात नांदू लागले. तडजोड चतुर आहे. पण ती सभ्यता आणि पशुत्व यांच्या जुन्याच विभागणीवर उभी आहे, आणि जो प्रश्न फर्मन व रॉबर्ट्स यांनी अवघड करून ठेवला होता, तो तीमुळे पुन्हा सोपा होतो.

८

एवढ्या विवेचनावरून काही निष्कर्ष निघतात. कार्टून बालिश व चित्रकथा प्रौढ, हे रूढ मत जसेच्या तसे स्वीकारता येत नाही. कार्टूनने ग्रिमलॉकची तक्रार निर्माण केली आणि ती अनुत्तरित ठेवली. परंतु क्विंटेसनांच्या दरबारात व बुद्धीच्या दानात त्याचे शहाणपण नकळत का होईना मान्य केले. चित्रकथेने वाणी व बुद्धी यांचा खोटा संबंध तोडला. परंतु राजा झालेल्या ग्रिमलॉकच्या मनात शिरण्यास तिला काही वर्षे लागली. दोन्ही चित्रणे एकत्र वाचली म्हणजेच पात्र पुरे होते.

दुसरा निष्कर्ष अधिक व्यापक आहे. ही कथा मुलांसाठी लिहिली गेली आणि खेळणी विकण्यासाठी लिहिली गेली. म्हणून तिच्यातून मुले काहीच शिकली नसतील, असे समजण्याचे कारण नाही. ज्याची वाक्ये अपुरी, त्याचे म्हणणेही अपुरे, हा समज शाळेच्या पहिल्या बाकापासून कचेरीच्या खिडकीपर्यंत सर्वत्र वावरत असतो, आणि शुद्ध भाषेचा अभ्यास करणाऱ्या विभागांना तर त्याची बाधा लवकर होण्याचा संभव अधिक. ग्रिमलॉकच्या उत्तम कथा या समजाला छेद देतात, आणि त्याच वेळी उलट बाजूचा भाबडेपणाही नाकारतात. वाणी मोडकी म्हणून तो तुच्छ ठरत नाही, तसाच केवळ उपेक्षित म्हणून तो नेता होण्यास पात्रही ठरत नाही. त्याची पात्रता ठरते ती आपल्याहून दुर्बळ असलेल्यांशी तो कसा वागतो यावरून. मुलांना वेठीस धरणारा मुकुटधारी ग्रिमलॉक आणि निपचित साथीदारांसाठी आपले रूप गमावणारा ग्रिमलॉक, दोघांचे व्याकरण सारखेच सदोष आहे. त्यांच्यातील अंतर व्याकरणाने मोजता येत नाही.